अरविंदराव, तुमचे गुरुवार

अरविंदराव, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मला बरं वाटतंय. हे वाक्य मी शालूसमोर बोललो असतो तर तिने हातातली पळी भिरकावली असती. लोक भेटायला येतात, मी त्यांच्यासमोर जमेल तेवढा चेहरा पाडून बसतो, 'चांगला माणूस होता' म्हणतो. ते खरंच आहे. पण ते म्हणताना आत कुठेतरी मला इतकं हलकं वाटत असतं की भीती वाटते, एखाद्याला दिसेल.

पहिले सहा दिवस असं नव्हतं. ते सहा दिवस माझे कसे गेले हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायचं तर तुम्हालाच सांगायला हवं. सहा दिवस डोक्यात एकच गोष्ट होती. देवरामचा गुडघा आपल्यामुळे गेला, असं मनात घेऊन तुम्ही गेलात का? कारण ते तुमच्या मनात मी घातलं होतं. ते खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे मला जवळजवळ पावणेदोन वर्षं माहीत होतं.

थांबा, मध्ये बोलू नका. तुमची सवय मला माहीत आहे. आज पहिल्यांदा मी शेवटपर्यंत बोलणार आहे आणि तुम्हाला ऐकून घ्यावं लागणार आहे.

तुम्ही जव्हारला आलात ते आठ दिवसांसाठी. नलूताई गेल्या, दादरचं घर खायला उठलं, आणि शालूने बहिणीच्या मायेने म्हटलं, 'भाऊजी, हवापालट म्हणून तरी या.' साडू म्हणून मीही आग्रह केला. साडूचा आग्रह किती धरायचा असतो हे माणसाला कळायला हवं. तुम्ही एक बॅग घेऊन एसटीतून उतरलात आणि चार वर्षं राहिलात. मी तीस वर्षं या डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. उशिरा येणाऱ्या गाड्या पाहिल्या, रद्द झालेल्या पाहिल्या. पण आलेली गाडी परत जायलाच तयार नाही, हे पहिल्यांदा पाहिलं.

आणि आल्या दिवसापासून तुमची मतं! आमची जेवणाची वेळ आणि मालिकेची वेळ एक होती. निवृत्तीनंतर मला तेवढाच विरंगुळा. तुम्ही पानावर बसलात, दोन मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, "मधुकरराव, या घरात पोटभर जेवलेला एक तरी माणूस तुम्ही पाहिलाय? घास तोंडाशी गेला की दारावरची बेल वाजते." तेव्हापासून मला मालिकेत दुसरं काही दिसेनासं झालं. कुणी घास उचलला की मी बेलची वाट बघायचो. वाजायचीच.

मग तुम्ही रिमोट हातात घ्यायला लागलात. तुमचं म्हणणं, आवाज बंद करून बघा, नट आहे की नुसता कपड्यांचा दांडा आहे ते लगेच कळतं. आमच्या घरात महिनाभर मुका टीव्ही चालला. शालू बिचारी म्हणायची, "भाऊजी, पण गोष्ट कळत नाही हो." तुम्ही म्हणायचात, "शालूताई, गोष्ट कळण्यासारखी असती तर मी आवाज ठेवला असता." बातम्या लावल्या तर, "चार खिडक्यांत चार माणसं बोलतायत, ऐकायला पाचवी खिडकी पाहिजे होती." गाण्याची स्पर्धा लावली तर, "गाणाऱ्याच्या आधी परीक्षक रडतोय, गाणं संपेपर्यंत त्याच्याजवळ काही उरणार नाही." शेजारच्या हळदीला डीजे लागला तेव्हा तुम्ही खिडकी लावून घेतलीत आणि म्हणालात, हे वाजवणं नाही, ही बोअरवेल मारतायत.

चिडायचो मी. खरंच चिडायचो. आणि तुमचं निम्मं बरोबर असायचं म्हणून जास्त चिडायचो.

उरलेलं निम्मं मात्र साफ चुकीचं असायचं. संध्याकाळी आपण सनसेट पॉइंटला फिरायला जायचो, तिथे मावळत्या सूर्यावरसुद्धा तुमचं मत तयार. म्हणे, याला मध्यंतर नाही ते एक बरं. तारपा, भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, वाजवणारा पहिल्यांदा ऐकलात तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "हा माणूस श्वास घेतो की नाही?" मी म्हटलं, "त्यालाच विचारा." तुम्ही विचारायला गेलात आणि त्याच्या पुढ्यात गप्प उभे राहिलात. मी घड्याळ लावलं होतं. वीस मिनिटं. चार वर्षांत तुम्ही जागेपणी सलग एवढा वेळ गप्प राहिल्याची नोंद दुसरी नाही. परत आल्यावर म्हणालात, "एकसुरी आहे." डोळे पुसत म्हणालात, ते मी पाहिलं होतं.

सगळ्यात वरचढ तुमचं नाटक. दादरला राहून चाळीस वर्षं नाटकं पाहिलेली. नाटक आठव्या रांगेतून बघावं, पहिल्या रांगेत थुंकी उडते आणि पंधराव्या रांगेतून नुसते कपडे दिसतात, हे मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. मध्यंतरातला वडा गार असेल तर दुसरा अंक पडतो, हेही. मी एकदा वैतागून म्हटलं, एवढं काय आहे हो त्या नाटकात, घरबसल्या टीव्हीत सगळं दिसतं की. तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "टीव्हीत चुकलं की कापतात, मधुकरराव. नाटकात चुकलं की सावरावं लागतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मला ते सावरणं बघायचं असतं." तुमच्या सगळ्या मतांपैकी हे एक मला मनापासून पटलं होतं. तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

त्यावरूनच मी म्हटलं, मग बोहाडा बघायला चला. तुमचा पहिला प्रश्न, तिकीट किती? मी तुम्हाला समजावून सांगितलं, की हे नाटक नाही. देवांची, राक्षसांची सोंगं असतात, लाकडाचे थोरले मुखवटे डोक्यावर घेऊन माणसं संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर नाचत येतात. कुठलं सोंग कुठल्या घराण्याने घ्यायचं तो मान ठरलेला असतो. गाव टाळ्या वाजवत नाही, हात जोडतं. तुम्ही म्हणालात, "हात जोडा नाहीतर टाळ्या वाजवा, प्रवेश चुकला तर चुकलाच ना?" तो वाद मोखाड्याच्या स्टँडपर्यंत चालला आणि पोशेऱ्याच्या अलीकडच्या त्या पाड्यावर उतरलो तरी संपला नव्हता.

तुम्हाला जागरण सोसत नाही म्हणून आपण उजाडताना पोहोचलो. शेवटची सोंगं राहिली होती. रावण आला तो देवराम. त्याला मी डेपोपासून ओळखत होतो. भाताची कापणी झाली की तो ठाण्याला बांधकामावर जायचा, माझ्याच हाताखालून सुटणाऱ्या गाडीने. रावणाचं सोंग त्याच्या आजोबापासून त्यांच्या घराकडे. दहा तोंडांचा तो मुखवटा एवढा जड, की कमरेला शेला बांधून दोघांनी मागून धरावं लागतं. उन्हाची पहिली तिरीप त्या दहा तोंडांवर पडली आणि तुम्ही माझा दंड घट्ट धरलात.

त्या पाड्यावर रीत अशी, की सोंगापुढे कुणी नारळ धरला तर सोंगाने परत फिरून त्याच्या पुढ्यात नाचायचं. माझ्या पिशवीत नारळ होते. मी तुमच्या हातात एक दिला, म्हटलं, पाहुणे आहात, धरा. देवराम फिरला, तुमच्या पुढ्यात नाचला. तुमचा चेहरा लहान मुलासारखा झाला. म्हणालात, "म्हणजे इथे वन्स मोरची सोय आहे!" आणि माझ्यापुढे हात पसरलात. एका सोंगाला एका माणसाने दुसरा नारळ धरत नाहीत. हे मला माहीत होतं, अरविंदराव. तुम्हाला नव्हतं. पण तुम्हाला इतकं खूश मी नलूताई गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही मजा येत होती. मी दुसरा दिला. मग तिसराही दिला. गावातल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली, पण कंट्रोलरचे पाहुणे म्हणून कुणी बोललं नाही.

तिसऱ्या फेऱ्यात देवरामचा पाय मुडपला. शेलेवाल्यांनी त्याला वरच्या वर धरलं, मुखवटा जमिनीला लागू दिला नाही. देवरामला उचलून न्यावं लागलं.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीपाशी बसलात. मी रागात होतो, घाबरलोही होतो. गावात माझं नाव जाईल या भीतीने मी म्हणालो, "तुमच्या हौसेपायी त्या गरिबाचा गुडघा गेला. हे दादर नाही." नारळ कुणाच्या पिशवीतले होते, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

त्यानंतर तुम्ही गप्प झालात. टीव्ही लागायचा, आवाजासकट. मालिकेतली सून रडायची, बेल वाजायची, तुम्ही खाली मान घालून भात कालवायचात. पहिला आठवडा मला फार शांत वाटलं, हे कबूल करतो. दुसऱ्या आठवड्यात शालू म्हणाली, "भाऊजींना बरं नाही का?"

तीन आठवड्यांनी स्टँडवर देवरामची बायको पार्वती भेटली. मी गुडघ्याचं विचारलं. ती म्हणाली, "तो पौषातच पडला ना, ठाण्याला, परांचीवरून. तवाच गुडगा सुजला होता. आत फडका बांधून नाचला. सोंग सोडला असता तर भाऊबंदांनी घेतला असता. तू कुणाला सांगू नको हा, गावात ठाव नाय." म्हणजे तुम्ही नारळ धरला नसता तरी तो पाय त्या दिवशी जाणारच होता.

मी घरी आलो. तुम्ही ओट्यावर पेपर वाचत होतात. सांगायला किती वेळ लागला असता? गाडीची घोषणा करायला लागतो तेवढा. पण मी म्हटलं, पार्वतीने कुणाला सांगू नको म्हटलंय. जणू तुम्ही पाड्यावर जाऊन दवंडीच पिटणार होतात! खरं कारण वेगळं होतं. तुमच्या पदरात टाकलेला दोष परत घ्यायचा तर पिशवीचंही बोलावं लागलं असतं, आणि ती लाज मला झेपणारी नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करता करता पावसाळा आला.

सांगवलं नाही म्हणून मी दुसरं काहीतरी सुरू केलं. तुम्हाला बोलतं करायचं. त्याच सुमारास ती जुळ्या बहिणींची मालिका लागली होती, एक डॉक्टर आणि एक चोर. मी मुद्दाम म्हटलं, "अरविंदराव, काय अभिनय आहे हो, असं दादरच्या रंगमंचावर तरी कुणी केलंय का?" तुम्ही मान वर केलीत. नाकपुड्या हलल्या. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, डीजेवर नाचल्याशिवाय लग्नाला लग्न म्हणू नये. तिसऱ्या दिवशी, नाटकातल्या नटांनीही समोर कागद ठेवून वाचावं, चुका होणार नाहीत. तेव्हा तुम्ही वाटी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मधुकरराव, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" शालूने आतून देवाला हात जोडले असतील.

मग रोजचंच झालं. सकाळी चहा पिता पिता मी आज काय मूर्खासारखं बोलायचं ते ठरवायचो. सोपं नव्हतं ते. इतकी चुकीची मतं सुचायला डोकं लागतं. तुम्ही थोडंथोडं बोलायला लागलात, टीव्हीवर, गाण्यावर. बोहाड्याचा विषय मात्र कधी नाही. यंदा बोहाड्याला चला म्हटलं तर म्हणालात, पेन्शनच्या कामासाठी दादरला जायचंय, आणि दोन दिवस गेलात. मी समजलो, जखम अजून ओली आहे. गेल्या दिवाळीत सनसेट पॉइंटला मी एकदा सगळा धीर गोळा केला. "अरविंदराव, देवरामचं जे झालं ना..." एवढं म्हणालो, तर तुम्ही हात वर केलात. "तो विषय नको." मला वाटलं, माणसाला किती लागलंय बघा. आणि भित्र्याला निमित्त पुरतं, मी गप्प बसलो.

गुरुवारी तुम्ही सकाळी डबा घेऊन वाचनालयात जायचात, संध्याकाळी पाचला परत. मी म्हणायचो, "एवढं वाचून करता काय?" तुम्ही म्हणायचात, "मतं बनवतो."

मग तो मंगळवार. जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, काही कळलं नसेल त्यांना. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, असं मरण भाग्याचं म्हणाले. मला एवढंच वाटलं, की आता सांगायचं कुणाला? सहा दिवस मी जेवायला बसायचो आणि घास फिरायचा. शालूला वाटलं, साडवावर केवढा जीव. जीव होताच. पण कारण दुसरंच होतं.

सातव्या दिवशी सकाळी दारात देवराम. चालत आला, लंगडत नव्हता. हातात तुमचा चष्मा. तोच, जो हरवला म्हणून तुम्ही शेवटचे चार-पाच दिवस माझ्या घराला नावं ठेवलीत.

"बाबाचा चष्मा ऱ्हायला होता आमच्याकडं," तो म्हणाला.

"कुठल्या बाबाचा?"

"तुझ्या मुंबईवाल्या बाबाचा. दर बेस्तरवारी ये ना तो. या बेस्तरवारी आला नाय. वाटला थंडीचा आला नसंल. मग कंडक्टरनी सांगला." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "कंट्रोलर, तुला नाय ठाव?"

मला नव्हतं ठाऊक, अरविंदराव. साडेनऊची गाडी तुम्हाला नेत होती, तिचे कंडक्टर माझ्या हाताखाली तयार झालेली पोरं, अख्ख्या डेपोला माहीत आणि मला नाही! तुम्ही सगळ्यांना गप्प बसवून ठेवलं होतंत. ज्या माणसाला जेवताना तोंड बंद ठेवता येत नव्हतं त्याने दीड वर्ष एवढी मोठी गोष्ट तोंडातून बाहेर पडू दिली नाही.

मी देवरामला ओट्यावर बसवलं. चहा सांगितला. त्याने सगळं सांगितलं, कारण आता अडवायला तुम्ही नव्हतात. बोहाड्यानंतरच्या श्रावणात तुम्ही एकटेच पाड्यावर गेलात, तेलाची बाटली आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊन. चिखलात दोनदा घसरलात. देवरामच्या पुढ्यात हात जोडून उभे राहिलात. "म्हातारा मानूस माझ्यापुढं हात जोडतो, मना कसातरीच झाला," देवराम म्हणाला. "मी लगेच सांगला, बाबा, तुझ्या नारलानी काय नाय झाला, मी ठाण्याला पडलो होतो. मीच गावाला फसवला. बाबा खाली बसला. मग हसाया लागला. लई हसला. पार्वती भ्याली, म्हणं, याला काय झाला."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दीड वर्ष. मी रोज सकाळी चहासोबत तुमची कीव करत होतो आणि तुम्ही मोकळे होतात. मी देवरामसमोरच कपाळाला हात लावला आणि म्हटलं, सुटलो रे बाबा, सुटलो. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

"मग दर गुरुवारी काय करायचे तिथे?" मी विचारलं.

"काय करंल? बोलं. आमच्या घरी टीव्ही हाय ना. आवाज बंद कराया लावं. म्हणं, नट बघ. पार्वती म्हणं, बाबा, मग टीव्हीच बंद कर ना, तू हायेस बोलाया." शालू दाराआडून हसली, सात दिवसांत पहिल्यांदा. मीही हसलो. तुमचं बोलणं कधी थांबलंच नव्हतं तर, श्रोते तेवढे बदलले होते. त्या बिचाऱ्यांनी गुरुवारचे गुरुवार काय सोसलं असेल हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

आणि यंदाचा बोहाडा तुम्ही पाहिलात! पेन्शनचं काम म्हणे. देवरामच्या ओट्यावर घोंगडी टाकून बसला होतात. रावण या वेळी त्याच्या पुतण्याने नाचवला. तुम्ही एकच नारळ धरलात. दुसऱ्यासाठी हात शिवशिवत होता, असं देवराम म्हणाला. मी त्याला आपल्या वादाचं विचारलं, हे नाटक की नाही ते. तो चहा बशीत ओतत म्हणाला, "बाबानी बी लई डोका खाल्ला त्याच्यापायी. मी सांगला, मुखवट्यात शिरला का मना बाहेरचा काय दिसत नाय. नाटक हाय का काय ते बघणाऱ्यानी बघावा." म्हणजे तो वाद तसाच राहिला. राहू द्या. माझं म्हणणं अजूनही तेच आहे.

देवरामला सोडायला स्टँडवर गेलो. त्याची गाडी लागायची होती. शेवटी न राहवून मी विचारलं, की मला का नाही सांगितलं त्यांनी? मी खोटं बोललो, नारळ मी दिले, दोष त्यांच्यावर टाकला. त्यांना कळलं होतं तर माझ्या तोंडावर का नाही फेकलं? निदान एकदा खडसावायचं तरी होतं.

देवरामने माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी येते त्या वळणाकडे बघत बोलला. "मी बी बाबाला इचारला होता, कंट्रोलरला सांगत का नाय. बाबा म्हणला, 'अरे, त्याला वाटतो, त्यानी माझा वाईट केला. म्हणून तो रोज सकालपासून इचार करतो आन मुद्दाम येडावाकडा बोलतो, मना बोलता कराया. लई वाईट करतो सोंग, लगेच कलतो. पण त्याला सांगला तर तो थांबंल. बायको गेल्यापासून माझ्यासाठी रोज येवढी खटपट कुणी केली नाय.'"

तुमचं वाक्य, तुमच्याच तोंडचं असणार ते, देवरामच्या बोलीत मला ऐकू आलं. गाड्या आत येत होत्या, बाहेर जात होत्या. नवा नियंत्रक माइकवर काहीतरी पुकारत होता. जिथे तीस वर्षं मी लोकांवर ओरडलो तिथे मी रुमाल काढून रडलो, आणि रडताना मला कुणाची लाज वाटली नाही. माफ करा, अरविंदराव. आणि मला थांबवलं नाहीत याबद्दल तुमचे उपकार कसे मानू?

गाडी लागली. देवराम चढला आणि खिडकीपाशी बसला. मी खाली उभा राहून त्याला विचारलं, "तेरावं झालं की गुरुवारी मी आलो तर चालेल?"

"ये की," तो म्हणाला. "पण मना बरा वाटावा म्हणून खोटा नको बोलू. माझा गुडगा बरा झाला."